मिनिएचरच्या पायाखालचं वाळवंट: पहिला बेस बनवताना

टेबलवरच्या युद्धखेळातली फिगर, म्हणजे छोटी मूर्ती (मिनिएचर), रंगवायला आठवडा द्यायचा आणि बेसवर, म्हणजे ती उभी असते त्या बैठकीवर, गोंद फासून, वाळूत बुडवून पाच मिनिटांत मोकळं व्हायचं, असं सुरुवातीला बहुतेकांचं होतं. खेळताना मात्र आपण फिगरकडे हातभर अंतरावरून आणि वरून बघतो. तिथून रंगवलेले डोळे दिसत नाहीत. दिसतात ते खांदे, शस्त्र आणि भोवतालची जमीन. त्या जमिनीला फिगरइतकाच मान द्यावा असं मला मनापासून वाटतं. त्यातही वाळवंटी बेस शिकायला फार चांगले: साहित्य थोडं लागतं आणि जवळजवळ प्रत्येक चूक निस्तरता येते.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वाळवंटाची जमीन वारा घडवतो. तो बारीक ते उचलून नेतो, जड ते जागेवर सोडतो आणि जिथे आडोसा मिळेल तिथे नेलेलं ओततो. हे डोळ्यांपुढे ठेवून खडे मांडले तर बेस खरा वाटतो. सगळीकडे सारखी वाळू पसरली तर तो सॅंडपेपरच्या तुकड्यासारखा दिसतो.

आधी ठरवा: कोणतं वाळवंट?

सहाराचासुद्धा साधारण चौथा हिस्साच वाळूच्या टेकड्यांनी व्यापलेला आहे. बाकीचा भाग म्हणजे खडीची सपाट मैदानं, उघडे कातळ आणि डोंगर. वाळूच्या समुद्राला अरबीत एर्ग म्हणतात, खडीच्या मैदानाला रेग आणि खडकाळ पठाराला हमादा. दुसऱ्या महायुद्धातली उत्तर आफ्रिकेची मोहीम (१९४० ते १९४३) खेळणार असाल तर तुमचं बहुतेक पायदळ रेग किंवा हमादावर उभं हवं. १९४२ मध्ये इजिप्तमधल्या अल अलामीनजवळच्या रुवैसात टेकाडावर खडक इतका वर होता की खंदक खणणं अवघड झालं आणि सैनिकांना दगड रचून आडोसे करावे लागले. अशा सैनिकांच्या बेसवर लाटांची मऊ वाळू चुकीची दिसते. उलट राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९४० मध्ये उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या टेहळणी तुकडीच्या गाड्या ग्रेट सँड सी हा वाळूचा समुद्र ओलांडून जात, त्यांच्या बेसवर ती अगदी शोभते. वारा वाळू कशी हलवतो याचा मूलभूत अभ्यासही याच बॅगनॉल्ड यांचा आहे.

रंगही जागेप्रमाणे बदलतो. नामिब वाळवंटात किनाऱ्याजवळची वाळू फिकट असते आणि आत जावं तशी ती लालसर होत जाते, कारण कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सची वाळू जिप्समची, म्हणून पांढरीशुभ्र. कल्पनेतल्या ग्रहासाठी किंवा राज्यासाठी बेस करत असाल तरी एखाद्या खऱ्या जागेचा फोटो समोर ठेवा. नुसत्या मनाने केलेला रंग हमखास पिवळ्याधमक बाजूला झुकतो.

कणाचं गणित

नवशिक्यांच्या बेसवर सर्वांत जास्त फसतं ते इथे. २८ मिमी उंचीची फिगर साधारण १:५६ प्रमाणात धरतात. म्हणजे १ मिमीचा कण त्या फिगरच्या जगात साडेपाच सेंटिमीटरचा दगड झाला. वाऱ्याने साचलेल्या खऱ्या वाळूचा कण साधारण पाव मिलिमीटरचा असतो. तो जसाच्या तसा बेसवर चिकटवला तर सैनिकाच्या दृष्टीने तो सव्वा-दीड सेंटिमीटरचा खडा होतो. १५ मिमी फिगर १:१०० च्या आसपास, तिथे तर फरक आणखी वाढतो.

याचा अर्थ, बेसवरची वाळू ही खडी असते. खडी दाखवायची असेल तर वाळू वापरा. मऊ वाळू दाखवायची असेल तर तिथे कण दिसताच कामा नयेत. त्यासाठी गुळगुळीत पेस्ट आणि वर पिगमेंटची, म्हणजे कोरड्या रंगाची, पूड हवी. मला हे उमगलं तेव्हा माझे बेस एका दिवसात सुधारले, म्हणून इतकं लांबवून सांगतोय.

पायरी १: साहित्य

पांढरा पीव्हीए गोंद, सुपरग्लू, वाळू, थोडा कॉर्क, भिंतीच्या भेगा बुजवायची तयार पुट्टी किंवा हॉबीची बारीक टेक्स्चर पेस्ट, टूथपिक, एक जुना ब्रश आणि एक मऊ, गोल, मेकअपचा असतो तसला ब्रश. अ‍ॅक्रिलिक रंगांत गडद तपकिरी, मध्यम वाळूचा रंग, फिकट हाडासारखा पांढरट आणि एक तपकिरी वॉश (फटींत उतरणारा पातळ रंग) पुरे. पिगमेंट आणि झुडपांचे टफ्ट (तयार झुपके) नंतर घेतले तरी चालतील.

वाळू विकतची असो की बाहेरून आणलेली, ती दोन-तीन पाण्यांत धुऊन पूर्ण वाळवा. समुद्राची वाळू तर जास्तच धुवा, तिच्यातलं मीठ नंतर रंगावर पांढरं फुटू शकतं. मग दोन वेगवेगळ्या जाळीच्या चाळण्यांतून चाळून तीन डब्या करा: जाड, मध्यम, बारीक. चाळताना मास्क लावा. वाळूची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते आणि हे काम आपण बंद खोलीत नाक खुपसून करतो.

पायरी २: बेस आणि फिगर

प्लॅस्टिकचा बेस वरून गुळगुळीत असतो, त्यावर गोंद नीट धरत नाही. सॅंडपेपरने चार रट्टे मारा किंवा नाइफच्या टोकाने आडव्या-उभ्या रेघा ओढा. मग फिगर सुपरग्लूने चिकटवा. धातूच्या बऱ्याच फिगरना पायाखाली ओतीव चकती असते. ती बेसवर उंचवट्यासारखी दिसते आणि सगळी मेहनत वाया घालवते. तिच्याभोवती पुट्टीचा उतार द्या, इतका सावकाश की चकती कुठे संपली ते बोटाला कळू नये.

कामाच्या क्रमाबद्दल दोन मतं आहेत. काही जण फिगर वेगळी रंगवून शेवटी बेसवर बसवतात. माझा सल्ला पहिल्या तुकडीसाठी वेगळा आहे: आधी बेसचं सगळं टेक्स्चर करा, मग फिगर आणि बेस यांना एकत्र प्राइमर (रंग धरून ठेवणारा पहिला हात) मारा, आधी बेस रंगवा आणि मग फिगर. बेसचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंच टोकांवर दिलेला रंग, बुटांवर आणि पायांवर जातोच. फिगर नंतर रंगवायची असेल तर त्याची चिंता उरत नाही.

पायरी ३: खडक

कॉर्क कात्रीने कापू नका, हाताने तोडा. तुटलेली कडा थरांच्या खडकासारखी दिसते, कापलेली कॉर्कसारखीच. तोडल्यावर कडेला पातळ सुपरग्लूचा हात द्या, म्हणजे पुढे ड्रायब्रश करताना तुकडे निघणार नाहीत.

मांडणीत घाई नको. मोठा दगड मधोमध ठेवला की तो स्तंभासारखा दिसतो. तो कडेकडे, फिगरच्या मागे किंवा बाजूला सरकवा. एका मोठ्या दगडाच्या पायाशी दोन-तीन मध्यम, त्यांच्या आसपास मूठभर बारीक, कारण खडक झिजतो तेव्हा त्याचे तुकडे त्याच्याच पायाशी पडतात. एकाच दगडाचे तुकडे एकाच जातीचे हवेत: कॉर्कच्या कातळाशेजारी नदीतला गोल गोटा ठेवला तर डोळ्याला ते खटकतं. दगड जमिनीवर ठेवल्यासारखे दिसू नयेत, जमिनीतून वर आलेले दिसावेत. त्यासाठी त्यांच्या बुडाशी पुट्टी भरा.

फिगरचा पाय खडकावर ठेवायचा असेल तर ती पायरी २ मध्ये चिकटवू नका, इथे गोंद लावण्याआधी बसवून बघा. पाय आणि दगड यांच्यामध्ये कागदाएवढी फट राहिली तरी माणूस हवेत तरंगताना दिसतो.

पायरी ४: खडी

आता ठरवा वारा कुठून येतो. फिगरचा झगा किंवा झेंडा एखाद्या बाजूला उडत असेल तर उत्तर तिथेच आहे. टूथपिकने बेसच्या कडेला बारीक खूण करून ठेवा.

पीव्हीए गोंदात थोडं पाणी घालून तो जुन्या ब्रशने लावा, पण सगळ्या बेसवर नको. पुढच्या पायरीतल्या मऊ वाळूसाठी एक तृतीयांश जागा मोकळी सोडा. आधी जाड वाळूचे थोडे खडे दगडांभोवती चिमटीने टाका, मग मध्यम, शेवटी बारीक वाळू वरून सोडा आणि जास्तीची झटका. आधी बारीक टाकली तर ती सगळी जागा व्यापते आणि जाड खड्यांना गोंद उरत नाही.

कडेवर गेलेला गोंद ओला असतानाच ओल्या बोटाने पुसून घ्या. मग बेस रात्रभर सोडून द्या. गोंद वरून वाळलेला दिसतो, पण आत ओलाच असतो.

दुसऱ्या दिवशी एक काम उरतं आणि ते कधीही टाळू नका. पीव्हीए आणि पाणी समसमान घ्या, त्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब घाला आणि हे पाणी ब्रशच्या टोकाने वाळूवर सोडा. साबणामुळे ते थेंब होऊन न बसता कणांमधून आत झिरपतं. वाळलं की वाळू दगडासारखी घट्ट होते. माझ्या पहिल्या तुकडीला मी हा हात दिला नव्हता. तिसऱ्या खेळापर्यंत कडेची वाळू टेबलवर सांडायला लागली आणि बारा उंटस्वारांचे बेस रंगासकट खरवडून पुन्हा करावे लागले. फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

पायरी ५: मऊ वाळू आणि वाऱ्याच्या लाटा

हा माझा सर्वांत आवडता भाग. सोडलेल्या जागेवर पुट्टी किंवा टेक्स्चर पेस्टचा दोन मिलिमीटरचा थर द्या आणि ओल्या ब्रशने गुळगुळीत करा. वारा येतो त्याच्या उलट बाजूला, म्हणजे दगडाच्या आडोशाला, पेस्ट निमुळती होत जाणाऱ्या शेपटीसारखी ओढा. आडोशाला अशी वाळू साचतेच. एवढ्या एका शेपटीने बेसवर वारा दिसायला लागतो. पेस्टची कडा खडीत विरून जायला हवी, म्हणून थोडी पेस्ट ओल्या ब्रशने खड्यांच्या फटींतही ओढा.

लाटा काढायच्या असतील तर पेस्ट अर्धवट आवळेपर्यंत थांबा. बोट लावलं तर चिकटू नये, पण ठसा उमटावा, ती वेळ. टूथपिक आडवी धरून वाऱ्याच्या दिशेला काटकोनात हलकेच दाबत जा. खऱ्या वाळूत दोन लाटांमधलं अंतर साधारण दहा सेंटिमीटर असतं, म्हणजे २८ मिमीच्या प्रमाणात जेमतेम दोन मिलिमीटर. उंची तर प्रमाणात दिसणारच नाही इतकी कमी येते, म्हणून ती थोडी वाढवून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत न्या. लाटा सरळ रेषेत काढू नका. त्या नागमोडी असतात, मधेच एक लाट दोन होते, दोन मिळून एक होतात. वाऱ्याकडची बाजू सपाट उतरती, पलीकडची जरा उभी. शेवटी ओला ब्रश लाटांवरून एकदाच, अगदी हलक्या हाताने फिरवा, म्हणजे टूथपिकच्या धारदार खुणा बुजतात.

मोठ्या बेसवर, घोडेस्वार किंवा गाडीखाली, टेकडीचा तुकडा करायचा झाला तर तिची आडोशाची बाजू तीस ते चौतीस अंशांपेक्षा उभी करू नका. कोरडी वाळू त्याहून उभी राहत नाही, घसरते.

पावलांच्या खुणा आणि चाकांचे चर याच वेळी उमटवा. खुणा फिगरच्या मागे असाव्यात, ती आली त्या वाटेवर. पुढे खुणा असतील तर दुसरं कुणीतरी तिथून गेलंय असा अर्थ होतो. तोही कधी मुद्दाम वापरता येतो.

वाळलेल्या तळ्याचा भेगाळलेला तळ करायचा असेल तर ही पूर्ण पायरी सोडा आणि वाळताना तडकणारा क्रॅकल पेंट वापरा. खाली पीव्हीएचा गुळगुळीत थर वाळू द्या आणि वर पेंट जाड लावा. थर जितका जाड तितक्या भेगा मोठ्या. पण एका बेसवर भेगा आणि वाळूच्या लाटा एकत्र नकोत.

पायरी ६: रंग

"वाळू तर वाळूच्याच रंगाची आहे, रंगवायची कशाला?" हा प्रश्न प्रत्येक नवीन माणूस विचारतो. रंगवायची, कारण खऱ्या कणात क्वार्ट्झ असतो, तो चमकतो आणि त्या चमकेवरून डोळ्याला कणाचा खरा आकार कळतो. शिवाय गोंद लागला की वाळू ओल्यासारखी गडद होते आणि तशीच राहते.

तपकिरी किंवा काळा प्राइमर मारा. मग गडद तपकिरी रंग थोडा पातळ करून सगळ्या फटींत पोचवा. पांढरा ठिपका कुठे राहिला तर तो शेवटपर्यंत छळतो. त्यावर मध्यम वाळूचा रंग, पण खोल फटी सोडून. खडकांना जमिनीपेक्षा किंचित वेगळा रंग द्या, राखाडीकडे झुकणारा किंवा गडद तपकिरी. वाळवंटात कितीतरी खडकांवर मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडचा काळपट थर चढलेला असतो, त्यामुळे गडद खडक आणि फिकट जमीन ही जोडी खरीच आहे. वॉश खडीवर आणि खडकांच्या बुडाशी सोडा. मऊ वाळूवर तो अगदी पातळ करून, फक्त लाटांच्या खळग्यांत. जाड वॉश सपाट पेस्टवर वाळताना कडेला चहाच्या डागासारखी गोल रेघ सोडतो.

आता ड्रायब्रश. फिकट रंग मऊ ब्रशच्या टोकाला घ्या आणि कागदावर पुसत राहा, ब्रश जवळजवळ कोरडा वाटेपर्यंत. मग खड्यांवरून हलका, जलद फिरवा. पहिल्या दोन-चार फटकाऱ्यांत काहीच दिसत नाही. तरीही रंग वाढवू नका, फटकारे वाढवा. ओलसर ब्रशने ओढलेली रेघ पुसून जात नाही. लाटांवर ब्रश आडवा, लाटांना छेदून फिरवा, म्हणजे माथे उजळतात आणि खळगे गडद राहतात. दुसरा हात आणखी फिकट रंगाचा, फक्त वर आलेल्या टोकांवर आणि वाऱ्याकडच्या बाजूला.

इथे एक निर्णय आधीच घ्यावा लागतो. वाळवंटी सैनिकांचे कपडे बहुधा खाकी असतात आणि खाकी फिगर खाकी जमिनीवर हरवून जाते. खऱ्या युद्धात तोच हेतू असतो, पण टेबलवर फिगर ओळखू यायला हवी. म्हणून जमीन कपड्यांपेक्षा दोन पावलं फिकट करा किंवा जरा लालसर. बुटांभोवती जमिनीवर वॉशची बारीक रेघ द्या. पाय जमिनीवर टेकल्यासारखे दिसतात. वीस बेस एकदम करायला घेण्याआधी एका रिकाम्या बेसवर हा रंग पूर्ण करून फिगरशेजारी ठेवून बघा. जमला की रंगांची नावं आणि क्रम लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तुकडीत भर घालताना त्या कागदाला मोल येतं.

पायरी ७: धूळ

फिगर रंगवून झाली की मॅट वार्निश मारा, हवा कोरडी असताना. दमट हवेत स्प्रे वार्निश धुक्यासारखं पांढरं उतरतं. धूळ त्यानंतर, कारण वार्निश पिगमेंटवर मारलं की ते गडद पडतं आणि निम्मी धूळ नाहीशी होते.

पिगमेंट जमिनीच्या सर्वांत फिकट रंगाचं घ्या. कोरड्या ब्रशने मऊ वाळूवर टेकवत जा, घासू नका. मग बूट, विजार, झग्याची किनार, घोड्याचे खूर, गाडीची चाकं. वर जाता जाता धूळ विरळ व्हावी आणि गुडघ्याच्या वर जवळजवळ संपावी. टिकण्यासाठी पिगमेंट फिक्सर (पूड धरून ठेवणारा द्रव) किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब कडेने सोडा. ब्रशने लावलं तर पूड ओढली जाऊन चिखल होतो. अल्कोहोलची पकड फिक्सरएवढी नसते, म्हणून ज्या फिगर खूप हाताळल्या जाणार त्यांना फिक्सरच द्या. वापरताना खिडकी उघडी ठेवा.

पायरी ८: झुडपं, आणि तीही मोजकी

तीन बेसमागे एखाद्यावरच टफ्ट लावा. रंग राखाडी-हिरवा किंवा वाळलेला पिवळट. ताजा हिरवा नको. झाड ओलावा आणि आडोसा शोधतं, म्हणून ते दगडाच्या बुडाशी किंवा खळग्यात हवं, उघड्या मैदानाच्या मध्यावर नको. झुडूप वाळूही अडवून धरतं, त्याच्याभोवती छोटा ढीग साचतो. टफ्ट लावण्याआधी पायरी ५ मध्येच त्या जागी पेस्टचा लहानसा उंचवटा केलेला असेल तर फार छान दिसतं. काटेरी वाळकं झुडूप हवं असेल तर कुंडीतल्या मेलेल्या रोपाची बारीक मुळं धुऊन, वाळवून वापरा. विकतच्या कुठल्याही वस्तूपेक्षा ती मला जास्त आवडतात. ती ठिसूळ असतात, म्हणून लावण्याआधी पातळ पीव्हीएत बुडवून वाळवा.

बेसची कडा शेवटी, एका सपाट रंगात, दोन पातळ हात देऊन. काळी किंवा गडद तपकिरी, तुमची आवड. फक्त सगळ्या सैन्याची एकच ठेवा.

कडेचा रंग वाळला की कागदावर बेस तिरका धरून खालून बोटाने दोन-तीनदा टिचकी मारा. सुटी पिगमेंटची पूड पडू द्या, कागदावरून ती डबीत परत भरा आणि फिगर टेबलवर ठेवा.